दोन पाण्यांमधलं अंतर

सीतेच्या वेणीला माती लागत नाही, ही गोष्ट आमच्या दर्पण कॉलनीत अजून सगळ्यांना पटलेली नाही. वरच्या मजल्यावर पूर्वेकडे उघडणारा आमचा व्हरांडा आहे. त्याच्या छताच्या कडीला सागवानी पट्ट्यांची एक करंडी टांगलेली आहे. येणारा-जाणारा मान वर करून तिच्याकडे बघतो आणि विचारतो, "इसमें मिट्टी कहाँ है?" करंडीत लाकडी कोळशाचे तुकडे आहेत, विटेचे खडे आहेत, नारळाच्या सोडणाचे थोडे तुकडे आहेत. त्यांच्यातून वाट काढत करंगळीहून जराशी बारीक, रुपेरी-पांढरी मुळं बाहेर पडली आहेत आणि त्यांतली निम्मी सरळ हवेत लोंबताहेत. वर दोन्ही बाजूंना ओळीने फुटलेली जाड, मधोमध खोलगट पानं. ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातल्या या वस्तीत घरोघरी तुळस असते, मोगरा असतो, मधुमालती आणि कढीपत्ता असतो. त्या सगळ्यांचा व्यवहार मातीशी. हे एक झाड हवेशी व्यवहार करतं.

ही आमरी, म्हणजे ऑर्किड, कोकणातली आहे. रत्नागिरीजवळ माझ्या आत्याच्या परसात एक जुना आंबा होता. एका पावसाळी वाऱ्यात त्याची मोठी फांदी मोडली आणि फांदीवरचा आमरीचा झुबका जमिनीवर आला. झाडावर राहणारी आमरी जमिनीवर पडली की फार काळ तग धरत नाही. वारा थांबतो, ओल हटत नाही आणि मुळं कुजतात. आत्याने ती सालीच्या कपच्यांसकट सोडवली, एक रोप जवळच्या फणसाला बांधलं आणि एक कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मंगला एक्स्प्रेसने ते कोकणातून थेट ग्वाल्हेरला आलं. निघताना आत्या एवढंच म्हणाली, "हिला पाणी पाजत बसू नकोस गो. वारा दे."

त्या एका वाक्यात या झाडाची अर्धी विद्या आहे. उरलेली अर्धी मला ग्वाल्हेरच्या हवेने शिकवली.

आंब्या-फणसाच्या अंगावर वाढणारं म्हणून हिला पुष्कळ लोक बांडगूळ समजतात. बांडगुळाची मुळं फांदीच्या आत शिरतात आणि तिच्या रसावर जगतात. आमरी सालीला नुसती धरून असते. आंब्याकडून ती जागा घेते, आणि जागेबरोबर येणारा उजेड आणि वारा. अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत बनवते. तिला लागणारं पाणी पावसाचं, दवाचं, फांदीवरून ओघळून जाणारं. लागणारे क्षार पालापाचोळ्याचे, धुळीचे, पक्ष्यांच्या विष्ठेचे, जे काही पाण्याबरोबर वाहत येईल त्याचे. म्हणजे तिला जे मिळतं ते सगळं जाता जाता मिळतं. पाणी सालीवरून वाहतं आणि संपतं. मग ऊन येतं, वारा येतो, सगळं सुकतं. पुन्हा पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो.

या भरवसा नसण्यावर तिच्या मुळांची सारी घडण झाली आहे. मुळाचा मधला जिवंत दोर बारीक असतो. त्याच्याभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं जाड आवरण असतं. शास्त्रज्ञ त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना त्या पोकळ पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी दिसतं. पाणी पडलं की पेशी काही क्षणांत भरतात, आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा थर दिसू लागतो. हो, हिची मुळंही हिरवी असतात आणि उजेडात अन्नही बनवतात. भरलेलं पाणी मग सावकाश आत झिरपतं. पेशी रिकाम्या होतात, त्यांत पुन्हा हवा भरते आणि मूळ पुन्हा रुपेरी होतं. ही उघडझाप म्हणजेच मुळाचं काम. ते सतत भिजलेलं राहिलं तर हवेची जागा पाणी घेतं, आतला दोर गुदमरतो आणि काळवंडून मऊ पडतो. या झाडाला पाण्याइतकाच कोरडेपणा लागतो. आपण त्याला दोन्ही द्यायचं असतं.

फ्रिट्स वेंट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जावा बेटावर झाडांवरच्या वनस्पतींचा अभ्यास केला होता. 1940 साली त्याने एक तर्क मांडला. पावसाची सर सुरू होताना जे पहिलं पाणी फांद्यांवरून ओघळतं, त्यात साठलेली धूळ आणि क्षार सगळ्यांत जास्त असतात; नंतरचं पाणी जवळपास निव्वळ पाणी असतं. आमरीच्या मुळाचं आवरण तेच पहिलं पाणी टिपून धरत असावं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे 2013 साली गेरहार्ट झोट्झ आणि उवे विंकलर यांनी प्रयोगांनी दाखवलं, की हे आवरण क्षणार्धात भरतं आणि त्या पहिल्या पाण्यातले विद्युतभारित क्षार धरून ठेवतं. हे वाचलं त्या दिवसापासून मला जूनअखेरची पहिली सर वेगळी दिसते. ग्वाल्हेरला नऊ-दहा महिने धूळ बसत असते. पहिल्या सरीचं पाणी गच्चीवरून तांबूस वाहतं आणि आपण ते वाया जाऊ देतो. झाडावर राहणाऱ्या आमरीच्या दृष्टीने वर्षातलं सर्वांत कसदार पाणी तेच.

पण पहिल्या सरीपर्यंत पोचायचं कसं, हा इथला खरा प्रश्न आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ग्वाल्हेरला हजारसुद्धा नाही. कोकणात उन्हाळ्यातही हवेत समुद्राचा ओलावा असतो. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी लू सुटते. त्या हवेत धुतलेली साडी बघता बघता वाळते, तसंच मूळही वाळतं. जानेवारीत रात्रीचा पारा पाच अंशांच्या खाली जातो आणि सकाळी दहापर्यंत धुक्यातून समोरचं घर दिसत नाही. म्हणजे जिला उबदार, दमट आणि खेळती हवा लागते, तिच्यासाठी या शहरात वर्षातले जेमतेम तीन महिने सोयीचे. बाकीचे नऊ महिने हवा आपण जमवायची.

हवा जमवताना मला माझंच घर नव्याने कळलं. कुठल्या खिडकीतून सकाळी नऊपर्यंत कोवळं ऊन येतं, कुठे दुपारी भिंत तापून रात्री अकरापर्यंत धग सोडत राहते, जिन्याच्या वळणावर वारा नेमका कुठून शिरतो, हे मी आधी कधी लक्षात घेतलं नव्हतं. एप्रिल लागला की व्हरांड्यावर हिरवी जाळी चढते. मेमध्ये दुपारी करंडी आत येते, ज्या खोलीत कूलर चालतो तिथे. उत्तरेकडच्या लोखंडी कूलरचा खोलीभर पसरणारा थंड, ओलसर वारा हे या झाडासाठी वरदानच आहे. थेट झोतात ठेवायचं नाही, बाजूला ठेवायचं. खसचा वास, पंख्याची घरघर आणि हलणारी मुळं. कोकणातली दमट दुपार मध्य प्रदेशातल्या एका खोलीत इतकी जवळ आणता येते.

पाण्याची गोष्ट आणखी नाजूक. शहराला सांक नदीवरच्या तिघरा धरणाचं पाणी मिळतं, पण उन्हाळ्यात आम्हा कॉलनीवाल्यांची भिस्त बोअरवर असते आणि बोअरचं पाणी जड. त्यातला चुना मुळांवर पांढऱ्या पापुद्र्यासारखा बसतो आणि आवरणाची तोंडं बुजतात. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी कुंड्यांना घालायची चाल घरोघरी आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात, ते आमरीला चालत नाही. म्हणून पावसाळ्यात गच्चीवर स्वच्छ पिंप ठेवून पाणी भरून घ्यायचं, झाकायचं आणि उन्हाळ्यात तेच पुरवून पुरवून वापरायचं. मुळांना टोकांशी हिरवी-तांबूस वाढ दिसत असेल, तेव्हा त्याच पाण्यात एकोणीस-एकोणीस-एकोणीसचं खत अगदी पातळ करून द्यायचं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भागाएवढं. टोकं मिटलेली असतील, रुपेरी आवरणाने झाकली गेली असतील, तर खत द्यायचं नाही. झाड जेवायला बसलेलं नाही, हे तेवढ्यावरून समजतं.

करंडीतलं सामान सगळं इथलंच. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडचा, विटेचे तुकडे समोर बांधकाम चाललं होतं तिथले, सोडण नारळपाण्याच्या ठेल्यावरचं. पट्ट्या सुताराने जुन्या चौकटीतून कापून दिल्या. दर दोन-तीन वर्षांनी सोडण कुजून त्याचा भुगा होतो, तेव्हा सामान बदलावं लागतं. ते काम पावसाळ्याच्या तोंडावर करायचं, कारण नवी मुळं तेव्हाच फुटतात आणि झालेली दुखापत लवकर भरून निघते. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसले तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात कालवून पुसून काढायचे. आणि शेंड्याच्या पानांच्या मधोमध पाणी साचू द्यायचं नाही. हे झाड एकाच शेंड्याने वाढतं. तो सडला तर वाढ तिथेच थांबते.

एवढं सांगून झालं, की सगळे एकच विचारतात, "पाणी किती दिवसांनी घालायचं?" याचं ठरीव उत्तर नाही. मूळ बघायचं. पूर्ण रुपेरी झालं असेल तर घालायचं, हिरवट असेल तर थांबायचं. मेमध्ये ते दिवसातून दोनदा रुपेरी होतं, ऑगस्टमध्ये चार-चार दिवस होत नाही, जानेवारीत आठवडा जातो. शेतकरी पिकाला दोन पाण्यांमध्ये किती अंतर ठेवायचं हे जमीन बघून ठरवतो; इथे जमीन नाही, म्हणून मूळच वाचावं लागतं. आणि ते अंतर पाळणं आमच्या संस्कारांच्या विरुद्ध जातं. वैशाखात या शहरात चौकाचौकात प्याऊ लागतात, माठांवर ओली लाल फडकी गुंडाळलेली असतात, पाणी देण्यासारखं पुण्य नाही असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. तहानलेल्याला पाणी देणं हे पुण्यच आहे. पण समोरचा तहानलेला आहे की नाही हे आधी बघणं, हाही त्याच पुण्याचा भाग आहे, हे मी या झाडापाशी उभी राहून शिकले.

माझं शिकवण्याचं काम गाण्याचं आहे. संध्याकाळी मुलं-मुली येतात, तानपुरा लागतो. या शहरात गाणं शिकवणं म्हणजे मोठ्या घराण्याच्या सावलीत बसून शिकवणं. शहराच्या लष्कर भागात 1914 पासून शंकर गांधर्व महाविद्यालय चालू आहे आणि कृष्णराव शंकर पंडितांची गायकी ऐकलेली माणसं अजून भेटतात. जुन्या तालमीत एकच राग दीर्घकाळ चालायचा. गुरू एक जागा दाखवायचे आणि थांबायचे. शिष्य ती घेऊन घरी जायचा, घोळवायचा, ती त्याच्या गळ्यात मुरायची, आणि मगच दुसरी जागा मिळायची. आज पालक विचारतात, "महिन्यात किती बंदिशी होतील?" मी त्यांना व्हरांड्यात नेऊन करंडी दाखवत नाही, पण मनात तीच असते. दिलेलं आत झिरपायला वेळ लागतो आणि त्या वेळात वरून आणखी ओतलं तर आधीचंही आत जात नाही. शिकवण्यात आणि झाड वाढवण्यात हे एक साम्य मला रोज दिसतं.

दोन पाण्यांमधलं अंतर हा या झाडाचा पहिला मधला काळ. दुसरा मधला काळ रात्रीचा. बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रं उघडून हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेतात. कोरड्या जागी असं करणं महागात पडतं, कारण उघड्या रंध्रांतून पाणीही उडून जातं. जाड पानांच्या अनेक वृक्षवासी आमरी दिवसा रंध्रं मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू त्या आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा, दारं बंद करून, उजेडात त्याचं अन्न करतात. ही गोष्ट ध्यानात येण्याच्या वाटेवरचं एक पाऊल भारतातच पडलं होतं. बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिणेत होता. त्याच्या बागेत पानफुटी होती. तिचं पान त्याने पहाटे चावून पाहिलं तर आंबट लागलं, दुपारी चावलं तर बेचव. त्याने ते पत्राने कळवलं आणि 1815 साली ते छापलं गेलं. पानफुटी आपल्या सगळ्यांच्या अंगणात असते, तिचं पान वहीत ठेवून कोंब फुटताना आपण पाहिलेले असतात. ते चावून बघायचं, तेही वेगवेगळ्या वेळी, हे एका परक्या माणसाला सुचलं. लक्ष देणं म्हणजे काय, याचं मला याहून सुंदर उदाहरण माहीत नाही.

तेव्हापासून उन्हाळ्याच्या रात्रींकडे मी वेगळ्या आदराने बघते. दिवसभर लूने भाजलेली कॉलनी रात्री दहानंतर जरा निवते, गच्च्यांवर पाणी मारलं जातं, लोक खाटा टाकून बसतात. त्याच वेळी व्हरांड्यातलं हे झाडही दारं उघडत असतं. म्हणून मेमध्ये मी संध्याकाळी फरशी आणि भिंत भिजवते आणि झाडाला पहाटे पाणी देते. रात्रीची हवा ओली असावी, शेंडा मात्र कोरडा असावा.

तिसरा मधला काळ हिवाळ्याचा, आणि सर्वांत कठीण तोच. नोव्हेंबरपासून मुळांची टोकं मिटतात. नवं पान येत नाही. झाड आहे तसंच राहतं, आठवडेच्या आठवडे. रात्रीचा पारा दहाच्या खाली जाऊ लागला की करंडी आत येते, धुकं ओसरल्यावर दुपारच्या उन्हात बाहेर जाते. पाणी कमी, खत बंद. काहीच घडत नसल्यासारखं वाटतं, आणि माणसाचा हात काहीतरी करायला शिवशिवतो. पण याच थंड, कोरड्या विश्रांतीत फुलण्याची तयारी होत असते. जिला बारा महिने सारखी ऊब, सारखं पाणी आणि सारखं खत मिळालं, ती आमरी हिरवीगार होते, पण फुलायचं टाळते, असं जुने बागवान सांगतात. ऋतूंमधला फरक हाच तिला काळ कळण्याचा मार्ग आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पानाच्या बेचक्यातून एक बोथट, हिरवट-जांभळट टोक बाहेर येतं. ते मूळ आहे की दांडा, हे काही दिवस कळत नाही. मग ते खाली वळायला लागतं आणि त्यावर कळ्यांचे दाणे दिसू लागतात. दांडा लांबत जातो, हातभर होतो. कळ्या देठाकडून टोकाकडे क्रमाने उमलतात. एका दांड्यावर शंभरावर फुलं असू शकतात, प्रत्येक नखाहून जरा मोठं, पांढरं, अंगावर गुलाबी-जांभळे ठिपके आणि ओठाची पाकळी गडद. इतकी दाटीने, की दांडा दिसतच नाही, दिसते ती खाली सोडलेली भरगच्च वेणी. आणि हे सगळं मेमध्ये, जेव्हा कॉलनीतला मोगरा सोडला तर बाकी सगळं होरपळलेलं असतं. त्या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्यांची संख्या वाढते. कॉलनीतल्या एक भाभीजी आपल्या नातीला कडेवर घेऊन येतात, मुली गाण्याच्या आधी पाच मिनिटं व्हरांड्यात उभ्या राहतात.

हीच वेणी आसामात कोपौ फूल होते. एप्रिलच्या मध्यावर रोंगाली बिहूला नाचणाऱ्या मुली ती अंबाड्यात माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचं ते राज्यफूल आहे. श्रीलंकेपासून नेपाळपर्यंत आणि पुढे आग्नेय आशियात ही वाढते. हिची ओळख कागदावर उतरली त्यात कोकणी माणसांचा वाटा आहे. कोचीनच्या डच अंमलात हेंड्रिक व्हान र्‍हेडेने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला, 'होर्तुस मलबारिकुस'. 1678 ते 1693 या काळात तो अॅमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युदन या वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी त्यासाठी माहिती दिली, आणि त्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. शेवटच्या खंडात झाडांवर वाढणाऱ्या आमरी आहेत आणि त्यांत ही आहे. 1753 साली लिनियसने तिला दिलेलं नाव या ग्रंथाच्या आधारावर उभं आहे. आपल्याकडच्या आमरींचा पद्धतशीर अभ्यास पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव यांनी केला. त्यांचं आणि कापडिया यांचं 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' 1966 साली निघालं. सह्याद्रीतल्या प्रत्येक ओळखीच्या आमरीमागे कुणीतरी पावसात भिजत, जळवा काढत केलेली पायपीट आहे.

फुलं दोन-तीन आठवडे टिकतात. आमरीच्या फुलात परागांची भुकटी नसते. पराग एकत्र बांधलेले असतात, आणि योग्य कीटक आला तर ती पुरचुंडीच्या पुरचुंडी त्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर जाते. परागण झालं की फूल लवकर कोमेजतं, कारण त्याचं काम झालेलं असतं. आमच्या व्हरांड्यात बहुधा कुणी येत नाही, म्हणून फुलं आपलं पूर्ण आयुष्य जगतात.

जंगलात मात्र फळ धरतं, आणि एका बोंडात लाखो बिया असतात, धुळीसारख्या. त्या बीत अन्नाचा साठा जवळपास नसतोच. वाऱ्यावर उडून ती सालीच्या भेगेत पडली आणि तिथे योग्य बुरशी असली, तर बुरशीचा धागा बीत शिरतो, तिला अन्न पुरवतो आणि तेव्हा कुठे ती रुजते. हे 1899 साली नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला फाँतेनब्लोच्या जंगलात कळलं. 1922 साली अमेरिकेत लुईस नडसनने साखर घातलेल्या पोषणद्रव्यावर बुरशीविना बी रुजवून दाखवलं आणि प्रयोगशाळेतल्या आमरीचं युग सुरू झालं. 1960 साली जॉर्ज मोरेलने शेंड्याच्या ऊतीपासून रोपं करण्याची रीत आमरीला लावली. आज वाढदिवसाला मिळणारी पांढरी-जांभळी फॅलेनॉप्सिस त्या वाटेने आलेली असते. फुलं गळाली की पुष्कळ घरांत ती टाकून दिली जाते, हे मला फार लागतं. तिची पुढची फुलं यायला फक्त काही महिन्यांची शांत देखभाल हवी असते.

जंगलातल्या झाडाला मात्र हे लाड नाहीत. बी रुजल्यापासून पहिलं फूल येईपर्यंत कित्येक वर्षं जातात. म्हणून घाटातल्या रस्त्यांच्या कडेला पावसाळ्यात कुणी ओरबाडून आणलेले झुबके विकत असेल, तर ते घेऊ नयेत. ते झाड एका दुपारी उतरवलेलं असतं आणि त्याच्या जागी दुसरं उभं राहायला एक मूल शाळा संपवेल इतका काळ जातो. जगातल्या सगळ्या आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे, आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यातही निळ्या वंदेसारख्या काही जातींना थेट संरक्षण आहे. पण कायदा जिथे पोचत नाही तिथे घेणाऱ्याचा हात थांबला पाहिजे. रोपवाटिकेत वाढवलेलं रोप घ्यावं, किंवा वाऱ्याने पाडलेलं उचलावं.

इतकी वर्षं हे झाड सांभाळून माझी एक धारणा पक्की झाली आहे. सांभाळणं म्हणजे सतत देत राहणं नव्हे, हे बरेच जण बोलून दाखवतात, पण मग काय, ते सांगत नाहीत. मला वाटतं, सांभाळणं म्हणजे मधल्या काळाची जबाबदारी घेणं. पाणी घालायला अर्धं मिनिट लागतं. दोन पाण्यांच्या मधे झाडाजवळ वारा आहे ना, ऊन बेताचं आहे ना, मूळ रुपेरी होतंय ना, हे बघत राहायला दिवस लागतो. त्या दिवसात हाताला काम नसतं, डोळ्यांना असतं. माणसांच्या बाबतीतही जे टिकतं ते याच काळात घडतं, आणि तो काळ काहीही न ओतता सोबत करण्याचा असतो.

आता माझ्या मनात दुसरी आमरी आहे. वांडा टेसेलाटा, आपल्याकडची वंदा, मध्य भारतातल्या कोरड्या पानझडी जंगलांत आंब्यावर आणि मोहावर राहणारी, पिवळसर-तपकिरी चौकड्यांच्या फुलांची, सुगंधी. सीतेच्या वेणीला इथे जगवण्यासाठी मला कूलर, जाळी आणि पिंपातलं पाणी लागतं. वंदा या प्रदेशातलीच आहे. इथला उन्हाळा आणि इथली थंडी तिच्या ओळखीची आहे. रोपवाटिकेतून तिचं रोप मागवायचं ठरलं आहे आणि कॉलनीतल्या आंब्याचं खोड मी बघून ठेवलं आहे. साल खडबडीत आहे, उत्तरेकडून सावली आहे, शेजाऱ्यांची परवानगी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला सुती दोरीने रोप खोडाला बांधायचं, मुळांनी साल धरेपर्यंत लक्ष ठेवायचं, आणि दोरी कुजून पडली की लक्ष ठेवणंही हळूहळू कमी करायचं. पहिला उन्हाळा तिने स्वतःच्या बळावर काढला, तर दर्पण कॉलनीत एक आमरी अशी असेल जिला कुणी पाणी घालणारं लागणार नाही. व्हरांड्यातल्या करंडीने मला जे शिकवलं, ते त्या आंब्यापाशी उपयोगी पडावं अशी माझी इच्छा आहे.